विश्लेषण : बॅटपासून वादापर्यंत सगळ्याला नियम, मग पिचरच्या चेंडूंना मर्यादा का नाही?

जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा शहरात कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होती. आठवडाभरात तिथे तीन गोष्टी घडल्या. १६ जूनला अर्कान्सॉ विद्यापीठाच्या गेज वूडने मरे स्टेटच्या एकाही बॅटरला हिट मिळू दिला नाही. २१ जूनला लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या, म्हणजे एलएसयूच्या केड अँडरसनने अंतिम मालिकेचा पहिला सामना १३० चेंडू फेकून १-० असा जिंकून दिला. दुसऱ्या दिवशी, २२ जूनला, प्रतिस्पर्धी कोस्टल कॅरोलायनाचे मुख्य प्रशिक्षक केविन श्नॉल यांना पहिल्याच इनिंगमध्ये मैदानाबाहेर काढण्यात आलं.

चर्चा सगळ्यात जास्त झाली ती श्नॉल यांची. अंपायरने घाई केली का, नियम जरा जास्तच कडक आहे का, यावर सोशल मीडियावर दोन तट पडले. पण कॉलेज बेसबॉलमधला सगळ्यात जुना प्रश्न आदल्या रात्रीच्या त्या १३० चेंडूंमध्ये दडलेला आहे. विशीतल्या मुलाने एका सामन्यात किती चेंडू फेकावेत, याबद्दल या स्पर्धेत नियमच नाही.

ही स्पर्धा नेमकी काय आहे?

अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. तिच्या पहिल्या विभागाच्या बेसबॉल स्पर्धेत ६४ संघ उतरतात. दोन फेऱ्यांनंतर उरलेले आठ संघ ओमाहाला जातात आणि तिथल्या टप्प्याला ‘कॉलेज वर्ल्ड सीरीज’ म्हणतात. पहिली स्पर्धा १९४७ मध्ये मिशिगन राज्यातल्या कॅलमझू इथे झाली. त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाने येलला हरवलं. येलच्या त्या संघात पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश खेळले होते. १९५० पासून ही स्पर्धा ओमाहातच होते.

ओमाहात एक पराभव झाला तरी संघ बाद होत नाही, दुसरा झाला की घरी जातो. शेवटी उरलेल्या दोन संघांत तीन सामन्यांची अंतिम मालिका होते. म्हणजे दहा-बारा दिवसांत एका संघाला पाच-सहा किंवा त्याहून जास्त सामने खेळावे लागू शकतात. भरवशाचे पिचर मात्र बहुतेक संघांकडे दोन-तीनच असतात. गोची इथेच होते.

पिचर एकटा सामना कसा फिरवतो?

क्रिकेटमध्ये वनडेत एका गोलंदाजाला दहा षटकं, म्हणजे ६० वैध चेंडू मिळतात. टी-ट्वेंटीत २४. बेसबॉलमध्ये असं काही नाही. प्रशिक्षकाची इच्छा असेल तर एकच पिचर सामन्याच्या नऊही इनिंग चेंडू फेकू शकतो. समोरच्या संघाला एकही हिट न देता त्याने सामना संपवला तर त्याला ‘नो-हिटर’ म्हणतात.

गेज वूडने तेच केलं. नऊ इनिंगमध्ये २७ बॅटर बाद करायचे असतात. त्यातले १९ त्याने एकट्याने स्ट्राइकआउट केले. नऊ इनिंगच्या सामन्यात ओमाहातला हा विक्रम आहे. आठव्या इनिंगमध्ये एक चेंडू बॅटरला लागला आणि त्याला पहिला बेस मिळाला. एवढा एकच खेळाडू बेसवर पोहोचला. अर्कान्सॉने सामना ३-० असा जिंकला. वूडने ११९ चेंडू फेकले. ओमाहात याआधी असे दोनच नो-हिटर झाले होते, १९५० मध्ये आणि १९६० मध्ये. म्हणजे तब्बल ६५ वर्षांनी हे घडलं.

त्याआधी २०२३ मध्ये ओमाहातच एक गाजलेली लढत झाली होती. एलएसयूचा पॉल स्कीन्स आणि वेक फॉरेस्टचा रेट लाउडर समोरासमोर होते. स्कीन्सने आठ इनिंग आणि लाउडरने सात इनिंग एकही धाव दिली नाही. अकराव्या इनिंगमध्ये टॉमी व्हाइटने होमरन मारून एलएसयूला २-० असं जिंकवलं. त्या दिवशी स्कीन्सने १२० चेंडू फेकले होते.

भारताशी नातं असलेला पिचर कोण?

२०१९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या कुमार रॉकरने ओमाहाच्या आधीच्या फेरीत ड्यूक विद्यापीठाविरुद्ध नो-हिटर टाकला. त्यातही १९ स्ट्राइकआउट होते आणि चेंडू १३१. कुमारच्या आईचं कुटुंब मूळचं भारतातलं. त्या वर्षी व्हँडरबिल्ट विजेता ठरला आणि ओमाहातला सर्वोत्कृष्ट खेळाडूही कुमारच होता. तेव्हा तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता.

पुढचा रस्ता मात्र सोपा नव्हता. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२२ मध्ये टेक्सस रेंजर्सने त्याला घेतलं. २०२३ मध्ये कोपरावरही शस्त्रक्रिया करावी लागली. मेजर लीगमधला पहिला सामना त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाला.

हे सगळं त्या १३१ चेंडूंमुळेच झालं असं म्हणता येणार नाही. पण कॉलेजमध्ये गाजलेला हात व्यावसायिक मैदानात पोहोचेपर्यंत काय काय सोसतो, याची कल्पना यातून येते.

हाताला नेमकं काय होतं?

क्रिकेटमध्ये कोपर सरळ ठेवून चेंडू टाकायचा असतो. पिचर कोपर वाकवून पूर्ण ताकदीने चेंडू फेकतो. प्रत्येक चेंडूला कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर मोठा ताण येतो. तो फाटला तर शरीरातल्या दुसऱ्या जागेचा स्नायूबंध काढून तिथे बसवतात. ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यानंतर मैदानात परतायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं.

२०२५ मध्ये १३० चेंडू फेकणाऱ्या केड अँडरसनची ही शस्त्रक्रिया शाळेत असतानाच झालेली होती.

मग नियम काय सांगतो?

लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये २००७ पासून चेंडू मोजले जातात. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. शाळांच्या पातळीवर २०१७ पासून प्रत्येक राज्याला चेंडूंच्या संख्येवर आधारलेला नियम करणं बंधनकारक झालं. व्यावसायिक संघांत पिचरवर कोट्यवधी डॉलर लागलेले असतात, त्यामुळे तिथे संघच त्याला जपतात.

मधल्या कॉलेजच्या वर्षांत मात्र मोकळं रान आहे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात १९ ते २२ वर्षांच्या पिचरसाठी दिवसाला जास्तीत जास्त १२० चेंडू सांगितले आहेत. १०५ च्या वर चेंडू गेले तर पाच दिवसांची विश्रांतीही सुचवली आहे. पण हा फक्त सल्ला आहे. एनसीएएच्या स्पर्धेत तो मोडला म्हणून कोणी काही करू शकत नाही. रॉकरचे १३१ आणि अँडरसनचे १३० चेंडू या रेषेच्या पुढचे होते.

सगळ्यात टोकाचं उदाहरण २००९ चं. टेक्सस आणि बॉस्टन कॉलेज यांच्यातला सामना २५ इनिंग चालला. सात तासांहून जास्त वेळ लागला आणि टेक्सस ३-२ असं जिंकलं. कॉलेज बेसबॉलमधला हा सगळ्यात लांबलेला सामना. त्यात टेक्ससच्या ऑस्टिन वूडने बदली पिचर म्हणून येऊन १३ इनिंग टाकल्या आणि १६९ चेंडू फेकले. स्टेडियमने त्याला डोक्यावर घेतलं. मेजर लीगमध्ये मात्र तो कधीच पोहोचला नाही.

नियम बदलणं अवघड आहे का?

इतर बाबतीत तरी तसं दिसत नाही. १९७४ मध्ये एनसीएएने ॲल्युमिनियमची बॅट चालू दिली. चेंडू लांब जाऊ लागले, धावा वाढत गेल्या. १९९८ चा अंतिम सामना सदर्न कॅलिफोर्नियाने ॲरिझोना स्टेटविरुद्ध २१-१४ असा जिंकला. बेसबॉलमध्ये हे आकडे विचित्रच. मग बॅटच्या उसळीवर बंधनं आली. २०११ पासून लाकडी बॅटच्या जवळ जाणारा मापदंड लागू झाला. त्याच वर्षी ओमाहातलं नवं, मोठं मैदानही वापरात आलं.

आता पारडं पिचरकडे झुकलं. २०१३ मध्ये विजेत्या यूसीएलएने ओमाहातल्या पाच सामन्यांत मिळून फक्त चार धावा दिल्या. २०१४ मध्ये तिथल्या सगळ्या सामन्यांत मिळून तीनच होमरन झाले. सामने कंटाळवाणे होताहेत अशी ओरड झाली आणि २०१५ पासून चेंडूच बदलला. त्याची शिवण ०.०४८ इंचांवरून ०.०३१ इंचांवर आणली, म्हणजे हवेतला अडथळा कमी होऊन चेंडू लांब जाईल. खेळ रंगतदार राहावा म्हणून शिवणीची उंची इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली गेली.

वादग्रस्त नियमांचं काय?

२०२१ ची स्पर्धा कोविडच्या नियमांमुळे लक्षात राहिली. नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ओमाहात पहिले दोन्ही सामने जिंकले होते. त्यातल्या एकात व्हँडरबिल्टच्या जॅक लायटरने १५ स्ट्राइकआउट घेऊनही त्यांनी १-० असा विजय मिळवला होता. पुढच्या लढतीआधी संघात कोविडचे रुग्ण सापडले. २५ जूनला तेरा खेळाडूंनिशी उतरून ते व्हँडरबिल्टकडून १-३ असे हरले. तरी एक संधी बाकी होती. पण रात्र उलटल्यावर एनसीएएने पुढचा सामना होणार नाही असं जाहीर केलं आणि व्हँडरबिल्ट न खेळताच अंतिम फेरीत गेलं. आरोग्य विभागाच्या सल्ल्याने निर्णय घेतल्याचं एनसीएएचं म्हणणं होतं. मैदानावर हरवल्याशिवाय संघाला घरी पाठवलं, ही चाहत्यांची तक्रार होती.

त्या वर्षीच्या निर्णायक सामन्यात मिसिसिपी स्टेटच्या विल बेडनारने सहा इनिंग एकही हिट दिला नाही. लँडन सिम्सने उरलेल्या तीन इनिंग टाकल्या आणि व्हँडरबिल्टचा ९-० असा पराभव झाला. हरलेल्या बाजूने सुरुवात केली होती कुमार रॉकरने. बेडनार आधीच्या सामन्यानंतर तीनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरला होता. विषाणूपासून खेळाडूंना वाचवण्यासाठी एक संघ बाद केलेल्या स्पर्धेत, पिचरने किती दिवस थांबावं हे विचारणारं कोणी नव्हतं.

२०२५ च्या वादातही नियम स्पष्ट होता. स्ट्राइक की बॉल, यावर वाद घालता येत नाही. इशारा दिल्यानंतरही वाद सुरू ठेवला तर प्रशिक्षकाला किंवा खेळाडूला बाहेर काढलं जातं. इशारा कशासाठी दिला हे विचारण्याचा मुख्य प्रशिक्षकाला हक्क आहे, असं श्नॉल यांचं म्हणणं होतं. एनसीएएने नियमावर बोट ठेवलं. एलएसयूने तो सामना ५-३ असा जिंकून आठवं विजेतेपद मिळवलं.

मर्यादेला विरोध का होतो?

विरोध करणाऱ्यांकडेही मुद्दे आहेत. प्रत्येक हात वेगळा असतो, १२० चेंडू एकाला जड जातात तर दुसऱ्याला नाही. १९८१ मध्ये येलच्या रॉन डार्लिंगने सेंट जॉन्सविरुद्ध ११ इनिंग एकही हिट दिला नाही आणि बाराव्या इनिंगमध्ये येल १-० असं हरलं. समोर फ्रँक व्हायोला होता. दोघांचीही मेजर लीगमधली कारकीर्द लांब आणि यशस्वी ठरली. स्कीन्सचंही तसंच. २०२३ च्या अंतिम मालिकेत एलएसयूने त्याला उतरवलंच नाही. पुढे २०२४ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट पिचरचा ‘साय यंग’ पुरस्कारही त्याने पटकावला.

शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने काढलेल्या अहवालात दुखापतींचं मोठं कारण वेगळं सांगितलं आहे. प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने आणि जास्तीत जास्त वेगाने फेकण्याचा अट्टहास हे ते कारण. नुसते चेंडू मोजून हा प्रश्न सुटणार नाही.

पण यातून दुसरी बाजूही समोर येते. पूर्वीपेक्षा वेगवान चेंडू फेकणाऱ्या मुलाचे १३० चेंडू हे पूर्वीच्या १३० चेंडूंपेक्षा जास्त ताणाचे असतात. शिवाय अंतिम सामन्यात “मला थांबायचंय” असं विशीतला मुलगा स्वतःहून म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रशिक्षकाला विजेतेपद हवं असतं, खेळाडूला मैदान सोडायचं नसतं, आणि प्रेक्षक तर उभे राहून टाळ्या वाजवत असतात. थांब म्हणण्यात ज्याचं काही जात नाही असा तिथे कोणीच नसतो. लिटल लीगच्या सामन्यात ते काम नियम करतो. ओमाहात ते आजही प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडलेलं आहे.