मशेरीचा तवा

आमच्या निपाणी भागात तंबाखूचा वास कुणाला ओळखून द्यावा लागत नाही. माझ्या लहानपणी पहाटे चुलीवर पहिला तवा चढे तो भाकरीसाठी नव्हे. आई त्यावर तंबाखू काळाभोर होईपर्यंत भाजी, चुरून वस्त्रगाळ करी आणि डबीत भरून ठेवी. हीच मशेरी, आमच्याकडच्या बायका मिसरी म्हणतात. सकाळी दात घासायला म्हणून सुरुवात, मग जेवणानंतर, मग दुपारी, मग निजताना. पुरुषांच्या विडीला निदान व्यसन म्हणत. बायकांचं हे नुसतं 'दात घासणं' होतं.

या दात घासण्याकडे शास्त्राच्या नजरेनं पाहणारी माणसं मात्र त्याआधीच कामाला लागली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांचा दंतसंशोधनाचा विभाग होता, कोपनहेगनचे प्रा. पिंडबोर्ग त्यांच्या जोडीला होते. इस्पितळात येतो तो रोगी बहुधा उशिराच येतो, म्हणून ही मंडळी खेड्यांत गेली. पुणे जिल्ह्यात घरोघर हिंडून त्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. १९७२ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्करोगाची पूर्वसूचना देणारे पांढरे चट्टे प्रामुख्याने तंबाखूची सवय असणाऱ्यांच्याच तोंडात सापडले होते.

पुढचं काम मला अधिक मोलाचं वाटतं. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतल्या ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना त्यांनी हाताशी धरलं. दरवर्षी तोंड तपासायचं, समोर बसून समजवायचं, चित्रपट दाखवायचे. पाच वर्षांनी एर्नाकुलम आणि श्रीकाकुलममध्ये सवय सोडणारे वाढले होते आणि नवे चट्टे घटले होते. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

सरकार हललं ते १९९२ साली. ३० एप्रिलच्या अधिसूचनेनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी झाली. उत्पादक कोर्टात गेले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी उचलून धरली. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. बंदीची बातमी मी मोठ्या उत्साहानं आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "माझी मिसरी काय दुकानातली हाय व्हय रं?"

मला उत्तर सुचलं नाही. कायद्यानं कारखान्यातला डबा धरला, चुलीवरचा तवा त्याच्या हाती लागणार कसा? शिवाय आमच्या गावात या विषयावर बोलायचं म्हणजे जपूनच. शाळेत येणाऱ्या निम्म्या मुलांची फी तंबाखूच्या शेतातून, वखारीतून नाही तर आईनं वळलेल्या विड्यांतून येते. प्रार्थनेनंतर तंबाखूविरुद्ध दोन शब्द सांगताना माझी नजर आजही खाली जाते.

काही वर्षांनी दाढ दुखली म्हणून आईला दंतवैद्याकडे नेलं. बाईंनी दाढ पाहिली आणि मग हातात छोटा आरसा देऊन गालाच्या आतला पांढरा चट्टा आईचा आईलाच दाखवला. रागावल्या नाहीत, कर्करोगाचं नावही लगेच काढलं नाही. "मावशी, दर सहा महिन्यांनी एवढं दाखवून जायचं," इतकंच म्हणाल्या. आई गेली, दर सहा महिन्यांनी. मशेरी तिनं सोडली नाही. पण चार वेळांची दोन वेळांवर आणली, आणि तवा मात्र सुनेच्या हाती कधी दिला नाही.