हौशी वापर : कायदा आणि करार

संगणक प्रणालीच्या खासगी वापराला दोन बंधने असतात, एक कायद्याचे आणि दुसरे कराराचे. वापर कशासाठी, हे कायदा पाहतो. करार आधी यंत्र कोणते ते पाहतो.

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याने ऑफिसातला जुना संगणक विकला आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तो घेतला. त्यावरची ‘ओईएम’, म्हणजे नव्या संगणकासोबतच विकलेली, विंडोज त्या यंत्राला बांधलेली असते. यंत्रासकट ती त्याच्याकडे येते, पण काढून दुसऱ्या संगणकावर टाकायला परवाना मनाई करतो. तो संगणक त्याचा स्वतःचा असला तरीही. ॲपलचा करार वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी मॅकमध्येच आभासी यंत्रावर मॅकओएसच्या आणखी दोन प्रती चालवू देतो. घरी जोडलेल्या संगणकावर मात्र एकही नाही. ही सूट हौसेला आहे की मॅकच्या ग्राहकाला, हे वेगळे सांगायला नको.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापराला मुभा देताना संगणक प्रोग्रॅम वगळते. १९९९च्या दुरुस्तीने त्यातले थोडे परत दिले. स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यावसायिक वैयक्तिक वापरासाठी प्रती काढणे किंवा प्रोग्रॅममध्ये फेरफार करणे, हा भंग ठरत नाही. प्रोग्रॅम निरखण्या-तपासण्यालाही वाव आहे. सगळी मदार ‘कायदेशीरपणे मिळवलेल्या’ या अटीवर आहे. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम ६३बीनुसार ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होतो. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. म्हणजे हौसेमुळे शिक्षा हलकी होते, गुन्हा पुसला जात नाही.

कायद्याने दिलेले कराराने काढून घेतले तर? युरोपीय समुदायाच्या १९९१च्या निर्देशाने राखीव प्रत काढण्यास आणि प्रोग्रॅमच्या अभ्यासास आड येणारी कराराची कलमे रद्दबातल ठरवली. आपल्या कलम ५२मध्ये असे वाक्यच नाही. माझ्या मते खरी उणीव हीच.

म्हणून हौशी माणूस मालकाच्या मर्जीवर राहतो. ओपनव्हीएमएस ही १९७७पासूनची, मोठ्या संगणकांची प्रणाली. १९९७पासून हौशींना तिचे फुकट परवाने मिळत. मुदत एक वर्ष, मग नूतनीकरण. २०२०मध्ये मालक कंपनी एचपीईने ही योजना गुंडाळायला घेतली. प्रणालीचे काम पुढे नेणाऱ्या व्हीएसआय या नव्या कंपनीने हौशींसाठी स्वतःचा परवाना आणला, पण २०२४मध्ये तोही आखडला. अल्फा आणि इटेनियम यंत्रांवरच्या हौशींना नवे परवाने बंद झाले. एक्स८६, म्हणजे नेहमीच्या पीसीच्या जातीची यंत्रे वापरणाऱ्यांच्या हाती प्रणाली आधीच बसवलेली आभासी डिस्क पडली. प्रणाली स्वतः बसवण्यातच ज्याची हौस, त्याला ही तयार डिस्क काय कामाची? आणि घरात जुने अल्फा यंत्र जपणाऱ्याला भारतीय कायदा प्रत काढू देईल. मुदत संपलेली परवान्याची किल्ली त्याला नव्याने द्यायला कोणीही बांधील नाही.