विश्लेषण : मेनफ्रेमवर नेटवर्कवरून लिनक्स टाकताना काम नेमकं कुठे अडतं?

बँकांचे व्यवहार, विमानांचं आरक्षण, विम्याचे हप्ते... जगभरात अशा अनेक कामांचा भार आजही मेनफ्रेम संगणक वाहतात. आयबीएमने १९६४ मध्ये 'सिस्टम/३६०' जाहीर केली, तिचाच वारसा आजच्या 'आयबीएम झेड' यंत्रांकडे आला आहे. डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने या यंत्रांसाठीचा लिनक्सचा कोड खुला केला. आज रेड हॅट, सुसे आणि उबुंटू या तिन्हींच्या मेनफ्रेमसाठीच्या आवृत्त्या मिळतात.

पण ते टाकायचं कसं? लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून 'नेक्स्ट' दाबत जायची सोय इथे नाही. बहुतेकदा इन्स्टॉलेशन नेटवर्कवरून होतं आणि ते अडलं, तर समोरचा पडदा फारसं काही सांगत नाही. अशा वेळी दोष कुठे शोधायचा?

आधी समजून घेऊ, हे होतं कसं?

एका मेनफ्रेमवर 'झेड/व्हीएम' ही प्रणाली अनेक व्हर्च्युअल मशीन चालवते. त्यातल्या प्रत्येकाला एक आभासी 'कार्ड रीडर' असतो. पंच कार्डांचा जमाना कधीच संपला, पण ही सोय टिकून आहे.

या रीडरमध्ये तीन फाइल क्रमाने ठेवतात : लिनक्सचा कर्नल, सूचनांची पॅरामीटर फाइल आणि सुरुवातीची छोटी फाइल सिस्टम, म्हणजे इनिट-रॅमडिस्क. मग रीडरवरून 'आयपीएल' करतात. मेनफ्रेमच्या भाषेत बूट करणं म्हणजे आयपीएल. कर्नल सुरू झाला की नेटवर्क कार्ड जागं होतं. त्यानंतर आपल्या टेबलावरच्या संगणकावरून एसएसएच किंवा व्हीएनसीने जोडून घेऊन पुढचं काम करतात. बाकीचं सॉफ्टवेअर सर्व्हरवरून उतरवलं जातं.

थोडक्यात, ही एक साखळी आहे. मागची कडी तुटली असेल तर पुढची तपासून उपयोग नाही.

कर्नल सुरूच होत नसेल तर?

पहिला संशय फाइलींवर घ्यावा. मेनफ्रेमवर अक्षरांसाठी 'एब्सिडिक' ही पद्धत वापरतात, तर इतर बहुतेक संगणकांवर 'अ‍ॅस्की'. त्यामुळे पॅरामीटर फाइल एफटीपीने पाठवताना मजकूर म्हणून पाठवावी लागते, म्हणजे अक्षरांचं रूपांतर होतं. कर्नल आणि इनिट-रॅमडिस्क मात्र बायनरी पद्धतीनेच, ८० बाइट्सच्या ठरावीक नोंदींमध्ये जायला हव्यात. हा ८० चा आकडा जुन्या पंच कार्डाचा आहे : एका कार्डावर ८० रकाने. कर्नल चुकून मजकूर म्हणून गेला, तर तो बिघडतो आणि मशीन सुरुवातीलाच थांबतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे रीडरमध्ये आधीच्या प्रयत्नातल्या फाइल तशाच राहणं. नव्या फाइल पाठवण्याआधी रीडर रिकामा करावा.

कर्नल सुरू झाला, पण नेटवर्क नाही?

मेनफ्रेमच्या 'ओएसए' नेटवर्क कार्डाला लिनक्स एका नव्हे, तीन उपकरण क्रमांकांनी ओळखतं : वाचण्यासाठी, लिहिण्यासाठी आणि डेटासाठी. उदाहरणार्थ ०६००, ०६०१ आणि ०६०२. पहिला क्रमांक सम आणि दुसरा लगेच पुढचा असावा लागतो. पॅरामीटर फाइलमध्ये यातला एक आकडा चुकला, तरी कार्ड जागं होत नाही.

मग 'लेयर' तपासावा. आभासी स्विच इथरनेट पद्धतीचा असेल तर लिनक्सला लेयर २ सांगावा लागतो, आयपी पद्धतीचा असेल तर लेयर ३. दोन्हीकडे वेगळं लिहिलं असेल तर संवाद होत नाही. शिवाय स्विच वापरायची परवानगी त्या व्हर्च्युअल मशीनला झेड/व्हीएमच्या प्रशासकाने दिली आहे का, हेही विचारून घ्यावं. परवानगीच नसेल, तर लिनक्सच्या बाजूने कितीही खटपट केली तरी ती वाया जाते.

पिंग होतंय, पण डाउनलोड अडकतंय?

आयपी पत्त्याने सर्व्हर सापडतो पण नावाने नाही, तर डीएनएस तपासावा. छोटे पॅकेट जातात आणि मोठी फाइल मध्येच थांबते, तर 'एमटीयू'वर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर संशय घ्यावा. कार्ड आणि वाटेतले स्विच यांच्यात हा आकडा जुळत नसेल, तर पिंग व्यवस्थित होतं आणि डाउनलोड लटकतं. कर्नल एका आवृत्तीचा आणि सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या आवृत्तीचं असेल, तरीही इन्स्टॉलर थांबू शकतो.

डिस्क दिसत नाही. इथे घाई का नको?

अनेकदा कर्नलला ठरावीक उपकरणं सोडून बाकी सगळ्यांकडे दुर्लक्ष करायला सांगितलेलं असतं. त्यामुळे हवी ती डिस्क आधी त्या यादीतून मोकळी करावी लागते. हा अडथळा वाटला, तरी ते संरक्षण आहे. मेनफ्रेमच्या साठवणयंत्रणेवर इतर विभागांच्याही डिस्क असतात. क्रमांक चुकला, ती डिस्क आपल्या मशीनला उपलब्ध असली आणि तिच्यावर फॉरमॅटचा आदेश गेला, तर दुसऱ्याचा डेटा पुसला जाऊ शकतो. म्हणून 'सगळ्या डिस्क दाखव' असं सांगण्यापेक्षा, आपल्याला दिलेला क्रमांक कागदावरून पडताळून तेवढाच मोकळा करणं शहाणपणाचं.

सगळं झालं, तरी पुन्हा इन्स्टॉलरच येतो?

याचं कारण सहसा साधं असतं : आयपीएल पुन्हा कार्ड रीडरवरूनच केलं जातं. काम पूर्ण झाल्यावर ते नव्या डिस्कच्या क्रमांकावरून करायचं असतं.

मग लक्षात काय ठेवायचं?

क्रम असा : फाइल, उपकरण क्रमांक, लेयर आणि परवानगी, आयपी आणि डीएनएस, एमटीयू, आवृत्ती आणि शेवटी डिस्क. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदललं ते लिहून ठेवावं. लॅपटॉपवर अंदाजाने चार गोष्टी बदलल्या तर फार तर आपला वेळ जातो. मेनफ्रेमवर त्याच वेळी शेजारच्या मशीनमध्ये कुणाच्या तरी पैशांचा व्यवहार सुरू असू शकतो.