जॅक, उटी आणि घोडी

नगर जिल्ह्यातल्या खेड्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना बैलगाडीला वंगण घालण्याचा कार्यक्रम आठवत असेल. बैल सोडायचे आणि गाडी सरकू नये म्हणून दुसऱ्या चाकाच्या पुढे-मागे दगड लावायचे. या दगडाला आमच्याकडे उटी म्हणतात. मग दोघांनी खांदा देऊन गाडी एका बाजूने उचलायची आणि तिसऱ्याने आखाखाली लाकडी टेकू सरकवायचा. टेकू नीट बसला की खांदा काढायचा, चाक ओढायचे आणि मगच वंगणाचा हात आत घालायचा. उचलणारा एक आणि पेलणारा दुसरा, ही गोष्ट त्या अक्षरशत्रू माणसांना कुणी शिकवली नव्हती.

पुढे खांद्याची जागा जॅकने घेतली. स्क्रूचे जॅक जुनेच. तेलाच्या जॅकमागचे तत्त्व मात्र सतराव्या शतकातल्या पास्कलचे: बंद द्रवाला एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. (शेजारच्या वर्गात विज्ञानाचे सर हे शिकवत तेव्हा आमच्या मराठीच्या तासाला कविता थांबवून ऐकावेसे वाटे!) १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामाने या तत्त्वावर प्रेस बनवून पेटंट घेतले आणि १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने उचलून नेता येईल असा जॅक केला. लहान दट्ट्या पुष्कळ वेळा दाबायचा, मोठा दट्ट्या थोडाथोडा वर येतो. पण वर आलेले ते ओझे आत कशावर थांबलेले असते? एका रबरी सीलवर आणि एका छोट्या व्हॉल्व्हवर. सील झिजले किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की तेल मागे फिरते आणि गाडी खाली येते. म्हणजे हाही खांदाच, फक्त लोखंडी. गाडीसोबत मिळणारा कात्रीसारखा स्क्रूचा जॅक गळत नाही, पण त्याचा पाय तळहाताएवढा. बाजूने धक्का बसला की तो आडवा होतो.

आपल्या नगरला या विषयात बोलायचा थोडा हक्क आहे. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस धावली ती नगर-पुणे मार्गावर. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे, पण माझा हात अजून नगरच लिहितो.) सुरुवातीच्या काळात एस.टी.कडे शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, अल्बियन, लेलँड, स्टुडबेकर अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. मेकॅनिक लोकांच्या डोक्याला किती ताप झाला असेल, कल्पना करा. डेपोत मात्र खालून करायच्या कामाला एक साधे उत्तर असते, ते म्हणजे खड्डा. गाडी जमिनीवरच उभी, माणूस पायऱ्या उतरून तिच्याखाली. अमेरिकेत मेम्फिसच्या पीटर लुनाटीने उलटी वाट धरली. १९२५ साली त्याने अख्खी मोटार वर उचलणाऱ्या लिफ्टचे पेटंट मिळवले. दोन्हीकडे नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी आडवे होत नाही.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू मास्तर-कारकुनांच्या दारातही गाडी दिसू लागली. कंपनीने सोबत जॅक दिला आणि पाना दिला. तो दिला चाक बदलण्यापुरता, खाली शिरण्यासाठी नव्हे. घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड, ती काही कुणी दिली नाही. माझ्या मते घात इथेच झाला. आमचा एक माजी विद्यार्थी शेतात जीप जॅकवर चढवून सायलेन्सर बघायला खाली शिरला. पावसाने काळी माती भिजलेली. जॅक एका बाजूला रुतला, जीप कलंडली. काढलेले चाक कडेला आडवे पडले होते, जीप त्यावर अडकली, म्हणून पोरगा वाचला. हाताची दोन बोटे मात्र गेली. हल्ली मोबाईलवर बघून दुरुस्ती करणारी मुले दिसतात तेव्हा कौतुक वाटते आणि तोच पोरगा आठवतो.

म्हणून घरी काम करणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. जागा सपाट आणि कडक हवी. फरशी नसेल तर जॅकखाली जाड फळी. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना उटी लावायची. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच ढिले करायचे, कारण वर गेल्यावर पान्याला जोर दिला की गाडी हलते. जॅक कंपनीने खूण केली असेल तिथेच, नाहीतर पत्रा दबतो. गाडी वर आली की घोड्या लावून तिचा भार त्यांच्यावर उतरवायचा. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक अजिबात चालणार नाहीत. ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवायचे. खाली जाण्यापूर्वी बाहेर उभे राहून गाडीला चांगला हिसका द्यायचा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. आणि घरात दुसरे कुणी नसेल त्या दिवशी हे काम काढू नये.

दुकानात नुसती घोडी मागितली तर रंगाऱ्याची दाखवतील. जॅक स्टँड म्हणा, जोडी घ्या, आणि त्यावर किती टनांचा आकडा लिहिलाय तो वाचून घ्या.