पन्नासात पास

माझी भाची कॅनडाला जायचं म्हणतेय. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, एम.टेक., लग्न केलेलं नाही, वय ३३. परवा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मामा, सगळं धरून ३८९ होतात. तू इतिहासाचा मास्तर ना, मग सांग, माणसाला असे मार्क द्यायची टूम काढली कोणी?"

टूम १९६७ची. तिच्यामागे थोडी लाज होती आणि बरीचशी गरज. १९०८पासून कॅनडाचा नियम असा होता, की येणाऱ्याने मायदेशातून एकाच सलग प्रवासाने यावं. भारतातून तशी सोय नव्हती; नियम केला होता तोच त्यासाठी. १९१४मध्ये 'कोमागाता मारू' ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला पोचली, दोन महिने बंदरात अडकून पडली आणि बहुतेकांना घेऊन परत फिरली. १९५१मध्ये स्वतंत्र भारताला कोटा मिळाला, वर्षाला १५० माणसांचा. १९६२मध्ये वंशाची अट बरीचशी गेली, पण 'लायक' कोण, हे टेबलापलीकडचा अधिकारीच ठरवत राहिला.

१ ऑक्टोबर १९६७पासून त्याच्या हातात तक्ता आला. तो घडवण्यात टॉम केंट या मूळच्या पत्रकाराचा आणि नंतरच्या बड्या सनदी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. एकूण गुण १००, पास ५०ला. शिक्षणाचे २०, दर वर्षाला एक. वय १८ ते ३५ असेल तर १०. इंग्रजी आणि फ्रेंचचे प्रत्येकी ५. कौशल्याचे १०, त्या कामाला असलेल्या मागणीचे १५. शिवाय अधिकाऱ्याला माणूस कसा वाटला, याचेही १५! जुनी नजर गेली नव्हती, तिला कप्पा मिळाला होता. तरी माझ्या मते तो तक्ता न्यायाच्या बाजूचाच. भाचीला त्यात बसवून पाहिलं: शिक्षण १८, वय १०, इंग्रजी ५, कौशल्य १०. झाले ४३. उरलेले सात मागणीतून निघाले असते. आणि पन्नास भरले की भरले. शेजारच्या उमेदवाराला किती पडले, याच्याशी कर्तव्य नाही.

इथेच पुढे घोळ झाला. पास होणारे वाढत गेले, जागा तेवढ्या नव्हत्या. अर्जांची रांग वर्षानुवर्षांची झाली. अखेर २०१२मध्ये कायदा करून २७ फेब्रुवारी २००८च्या आधीचे, निकाल न लागलेले अर्ज रद्द केले. सुमारे २,८०,००० माणसं त्यात गेली. फी परत मिळाली. वाट पाहण्यात गेलेली वर्षं कोण परत देणार?

जानेवारी २०१५पासून 'एक्स्प्रेस एंट्री' आली. गुण १२००पैकी, पण पासाचा आकडाच नाही. ठरावीक काळाने फेरी होते आणि वरून जितके हवेत तितके उचलतात. १३ फेब्रुवारी २०२१ला, करोनात, आधीच कॅनडात काम केलेल्यांच्या फेरीत २७,३३२ जणांना बोलावलं आणि रेघ उतरली ७५वर! एरवी त्याच फेऱ्यांत ५००ही कमी पडतात.

"मग मी करू काय?"

आम्ही कागद घेऊन बसलो. तिला आयईएल्टीएसमध्ये ऐकण्यात ८, वाचनात साडेसात, बोलण्यात सात आणि लेखनात साडेसहा. तिला ते साडेसहा क्षुल्लक वाटत होते. प्रत्यक्षात लेखनात ७ आले, की भाषेचे ८ गुण वाढतात. शिवाय चारही कौशल्यं वरच्या पायरीवर गेल्याने शिक्षणाच्या जोडीचे २५ आणि परदेशी अनुभवाच्या जोडीचे २५. अर्ध्या बँडला ५८ गुण! म्हणजे ४४७. हेही पुरतील असं नाही. फ्रेंच चारही कौशल्यांत सातव्या पातळीला नेलं, तर आणखी ६२, म्हणजे ५०९. आणि फ्रेंचवाल्यांच्या वेगळ्या फेऱ्यांत रेघ कधीकधी ४००च्याही खाली गेलेली आहे. एखाद्या प्रांताने नाव सुचवलं तर एकदम ६००, पण ते आपल्या हातातलं नाही.

वय तर त्याहून नाही. तिशीपासून दर वाढदिवसाला पाच-सहा गुण गळतात, चाळिशीनंतर अकरा-अकरा. तिचा चौतिसावा नोव्हेंबरात आहे. ८८चे ८३ होतील.

"आई त्या दिवशी पुरणपोळ्या करते," ती म्हणाली, "आणि इकडे पाच मार्क कमी."

रात्री तिचा मेसेज आला. लेखनासाठी पुन्हा परीक्षा, तारीख ऑक्टोबरातली. खाली एक ओळ फ्रेंचमध्ये होती. मला कळली नाही, म्हणून अर्थ विचारला. तिलाही नीटसा सांगता आला नाही.