मिस्त्रीच्या हातातला स्क्रू : इंधनाच्या झडपेवर विजेचा ताबा कसा आला

भंडाऱ्याहून पवनीकडे निघाले की वाटेत अड्याळ लागते. २०१० साली अड्याळच्या परिसरात विकले जाणारे डिझेल आणि पुण्यात विकले जाणारे डिझेल ही कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळी द्रव्ये होती. पुण्याच्या डिझेलमध्ये दर दहा लाख भागांमागे गंधकाचे ५० भाग चालत. अड्याळकडे ३५० चालत. त्या वर्षी ‘भारत स्टेज ४’ हे प्रदूषणमानक देशातील अवघ्या १३ शहरांत लागू झाले. त्यांत महाराष्ट्रातील तीन होती : मुंबई, पुणे आणि सोलापूर. नागपूर त्या यादीत नव्हते, मग भंडाऱ्याची काय कथा! उरलेल्या देशासाठी ‘भारत स्टेज ३’ होते.

ही रेषा नकाशावर आखली गेली खरी, पण ती इंजिनाच्या आत, करंगळीएवढ्या एका झडपेपर्यंत जाऊन पोहोचली. इंधन केव्हा सोडायचे आणि किती सोडायचे, हे ठरवणारी ती झडप. आजचा धागा तिच्याबद्दल आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी जुनी व्यवस्था समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात शंभर वर्षे हे काम कार्ब्युरेटरने केले. हवा एका अरुंद नळीतून वेगाने ओढली जाते, तिथे दाब घटतो आणि त्या घटलेल्या दाबाने पेट्रोल बारीक छिद्रातून आपोआप वर येऊन हवेत मिसळते. त्यात ना वायर, ना बॅटरी. मिश्रण पातळ-घट्ट करायला एक स्क्रू असे. मिस्त्री कान इंजिनाकडे लावून तो पाव आटा इकडे, अर्धा आटा तिकडे फिरवी आणि गाडी ‘लागे’. हा स्क्रू ध्यानात ठेवा. पुढची सारी कथा म्हणजे तो कोणाच्या हाती राहावा यावरचा वाद आहे.

डिझेलची गोष्ट निराळी. तिथे इंधन प्रचंड दाबाने सिलिंडरमध्ये फवारावे लागते. त्यासाठी जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ पासून यांत्रिक पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. पंपाच्या दट्ट्यावर तिरकी खाच कोरलेली असते. दट्ट्या जरासा फिरवला की इंधनाची मात्रा बदलते. गणित सगळे त्या खाचेच्या आकारात. हीच विद्या भारतात आली ती ‘मायको’च्या रूपाने. १९५१ साली बंगळुरूत स्थापन झालेल्या या कंपनीने पुढे नाशिकच्या सातपूर परिसरात नोझल आणि इंजेक्टरांचा कारखाना उभारला. नोझलची सुई आणि तिचे घर यांच्यातील फट दोन ते चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून काय ते समजावे. द्राक्षे आणि कुंभमेळा यांपलीकडे नाशिकची ही ओळख फारशी सांगितली जात नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता वीज कुठून आली? बहुतेकांची समजूत अशी की ती जपान्यांनी किंवा जर्मनांनी आणली. पहिला धाडसी प्रयोग अमेरिकेचा. बेंडिक्स या कंपनीने १९५७ मध्ये ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची यंत्रणा जाहीर केली आणि १९५८ च्या क्रायसलर समूहाच्या काही गाड्यांवर ती बसवली गेली. गाड्या किती? सुमारे ३५. त्या काळची इलेक्ट्रॉनिक सामग्री उष्णता, धक्के आणि दमटपणा सोसणारी नव्हती. यंत्रणा इतकी रुसू लागली की बहुतेक गाड्या परत बोलावून त्यांना मुकाट्याने कार्ब्युरेटर लावून दिले गेले. हा प्रसंगही ध्यानात ठेवा. पन्नास वर्षांनी त्याची आवृत्ती पुण्याजवळ निघणार आहे.

बेंडिक्सचे पेटंट-हक्क पुढे बॉशकडे गेले आणि १९६७ मध्ये ‘डी-जेट्रॉनिक’ ही यंत्रणा फोक्सवॅगनच्या १६०० या गाडीवर बाजारात आली. ती आणण्यामागे वेगाचा हव्यास नव्हता. कॅलिफोर्नियातील धुरकट आकाश आणि त्यातून जन्मलेले अमेरिकेचे धूरविषयक कायदे हे तिचे खरे कारण. इंजिनातील इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास शर्यतीच्या मैदानापेक्षा कायद्याच्या राजपत्रात अधिक सापडतो.

झडप चालते कशी, तेही पाहू. इंजेक्टर म्हणजे एक छोटा विद्युतचुंबक. आत तारेचे वेटोळे, एक स्प्रिंग आणि एक सुई. स्प्रिंग सुईला छिद्रावर दाबून धरते. वेटोळ्यात वीज सोडली की चुंबकत्व निर्माण होते, सुई केसभर उचलली जाते आणि दाबाखालचे पेट्रोल तुषाररूपाने बाहेर पडते. वीज तोडली की सुई पुन्हा जागेवर. पेट्रोलचा दाब कायम राखलेला असल्यामुळे मात्रा ठरवणारी गोष्ट एकच उरते : सुई किती वेळ उघडी राहिली. कार्ब्युरेटरमध्ये इंधन छिद्राच्या आकाराने मोजले जाई, इथे ते काळाने मोजले जाते.

आणि काळ किती? इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असेल, तर चार-स्ट्रोकचे एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपते. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेवढ्यात नियंत्रण-पेटीला दंडाची स्थिती, आत येणाऱ्या हवेचा दाब, थ्रॉटलचा कोन, इंजिनाचे तापमान हे सारे वाचून सुई किती मिलिसेकंद उचलायची हे ठरवावे लागते. मिस्त्रीचा कान तरबेज होता, यात शंका नाही; पण त्याने लावलेला स्क्रू सकाळच्या गारव्यात, दुपारच्या उन्हात आणि घाटाच्या चढावर एकच निर्णय देत असे.

तरीही ‘चालते आहे ना, मग पुरे’ असे म्हणता आले असते. ते अशक्य केले दोन वस्तूंनी. एक, धुराड्यातील घातक वायूंचे रूपांतर करणारा त्रिमार्गी उत्प्रेरक. दुसरी, धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक, जो १९७६ मध्ये अमेरिकेसाठीच्या व्होल्वो गाड्यांवर प्रथम आला. हा उत्प्रेरक मोठा हट्टी. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे वजनी प्रमाण थोडेही ढळले की त्याचे काम बिघडते. इतका नेम साध्या कार्ब्युरेटरला साधणे नाही. संवेदक धूर हुंगतो, पेटीला कळवतो, पेटी पुढच्या फवाऱ्यात दुरुस्ती करते. कारण आणि परिणाम यांचे वर्तुळ पूर्ण होते आणि स्क्रूला जागाच उरत नाही.

भारतात हे चक्र १९९५ मध्ये फिरू लागले. त्या वर्षी चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिसे उत्प्रेरकाचा जीव घेते. १ फेब्रुवारी २००० पासून ते सर्व देशात मिळू लागले. मोटारींच्या मागे ‘एमपीएफआय’ ही अक्षरे झळकू लागली ती याच काळात. वडिलांच्या जुन्या गाडीचा फोटो असेल तर पाहा, सापडतील.

मोटारींपेक्षा दुचाकीची कथा अधिक रंजक, आणि आपल्याकडे अधिक महत्त्वाची. कारण हा देश दुचाकीवर चालतो. २००६ मध्ये हिरो होंडाने इंधन-इंजेक्शनची ‘ग्लॅमर एफआय’ आणली. पाठोपाठ २००७ मध्ये बजाजची ‘पल्सर २२० डीटीएस-एफआय’. पुण्याजवळच्या चाकणची ही गाडी त्या पिढीच्या तरुणांचे स्वप्न होती. आणि मग २००९ मध्ये बजाजने तीच गाडी पुन्हा बाजारात आणली, इंजेक्शन काढून व कार्ब्युरेटर लावून! ती स्वस्त होती. शिवाय तिची ताकद वीसवरून एकवीस अश्वशक्तीवर गेली होती. ‘फास्टेस्ट इंडियन’ असा तिचा डंका पिटला गेला आणि ती धो धो विकली गेली.

क्रायसलरची पुनरावृत्ती? वरवर पाहता तसे दिसते. परंतु १९५८ मध्ये यंत्रणा स्वतःच निकामी ठरली होती. २००९ मध्ये यंत्रणा जगभर सिद्ध झालेली होती. कमी पडत होती ती तिच्या मागची व्यवस्था आणि तिची गरज. दुचाकींसाठीचे तेव्हाचे मानक कार्ब्युरेटरवर भागत होते. मग ग्राहकाने जादा पैसे कशासाठी मोजायचे? शहराबाहेर गाडी अडली, तर ती उघडून पाहणारा माणूस कुठे शोधायचा? त्या काळी इंजेक्शनवर ग्रामीण ग्राहकाने दाखवलेला अविश्वास अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेला जातो. मला तो शुद्ध हिशेब वाटतो. गल्लीतल्या मिस्त्रीला जी गाडी कळत नाही, ती गाडी धानाच्या रोवणीच्या आठवड्यात बंद पडली तर तिचे मोल शून्य.

या द्विधेचा सर्वांत बोलका पुरावा २०१२ चा आहे. त्या वर्षी चाकणच्या आवारातून ‘केटीएम ड्यूक २००’ बाहेर पडली ती इंजेक्शनसह. आणि बजाजची स्वतःची ‘पल्सर २०० एनएस’ देशी बाजारात आली ती कार्ब्युरेटरसह. एकच कंपनी, एकच वर्ष, दोन भिन्न ग्राहक.

डिझेलमध्ये याच सुमारास ‘कॉमन रेल’ने पाय रोवले होते. यात इंधन एका सामाईक नळीत आधीच हजारो फूट खोल पाण्यात असावा तसा दाब देऊन साठवले जाते; पहिल्या पिढीतच तो सुमारे १३५० बार होता. प्रत्येक सिलिंडरची झडप विजेच्या आज्ञेने उघडते, एकाच चक्रात अनेकदाही. मुख्य फवाऱ्याआधी एक चिमूटभर फवारा देऊन ठेवला की डिझेलचा तो ओळखीचा ‘खडखड’ आवाज मवाळ होतो. युरोपात १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ पासून, भारतात २००२ च्या ह्युंदाई ॲक्सेंटपासून आणि २००५ मध्ये महिंद्राच्या स्कॉर्पिओ ‘सीआरडीई’पासून ही यंत्रणा रुळली. स्कॉर्पिओ नाशिकची, इंजेक्टरांचे गावही नाशिकच. २००८ मध्ये मायकोचे नाव बदलून बॉश झाले, तेव्हा नाशिकचा कारखाना या नव्या झडपांच्या युगात शिरला होता.

मात्र या झडपेला पाण्याचा थेंब आणि धुळीचा कण सोसत नाही. ड्रममधून डबक्याने डिझेल ओतण्याची रीत तिला मारक. गंधक तिच्यापेक्षा पुढच्या उत्प्रेरकाला अधिक बाधते. म्हणूनच डिझेल शुद्ध होण्याची वाट पाहत मानके अडून राहिली आणि देश सात वर्षे दोन भागांत जगला.

१ एप्रिल २०१७ रोजी ‘भारत स्टेज ४’ सर्वत्र लागू झाले. त्याच्या तीनच दिवस आधी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मानकाच्या गाड्या विकण्यास मनाई केली. सुमारे ८.२४ लाख वाहने विकायची राहिली होती. दुकानांत तीन दिवस झुंबड उडाली, ती अनेकांना आठवत असेल.

आणि इथे भंडारा पुन्हा कथेत येतो. याच जिल्ह्यात गडेगावला १९८० च्या दशकापासून अशोक लेलँडचा कारखाना आहे, गिअरबॉक्ससाठी ओळखला जाणारा. या कंपनीने २०१७ मध्ये इतरांहून वेगळी वाट धरली. प्रतिस्पर्धी कॉमन रेल आणि युरियाच्या द्रावणाकडे वळत असताना लेलँडने आपल्या मोठ्या ट्रकांत जुन्या वळणाचा इनलाइन पंप कायम ठेवला आणि धुराचा काही भाग इंजिनात परत वळवणारी ‘आयईजीआर’ यंत्रणा जोडली. कंपनीचा प्रचाराचा मुद्दा कोणता होता? सोपी देखभाल. महामार्गावरच्या कोणत्याही मिस्त्रीला हे इंजिन उघडता येईल! म्हणजे पल्सरच्या ग्राहकाने २००९ मध्ये जे सांगितले, तेच आठ वर्षांनी एका बलाढ्य कंपनीने जाहिरातीत सांगितले.

ही सवलत तीन वर्षांची ठरली. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ आले, मधला पाचवा टप्पा गाळून. गंधकाची मर्यादा १० भागांवर उतरली, आणि या वेळी अड्याळ व पुणे एकाच दिवशी एका रांगेत आले. लेलँडनेही यांत्रिक पंपाचा निरोप घेतला. दुचाकींत काही स्वस्त गाड्यांनी इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटरचा मधला मार्ग पत्करला. बाकी साऱ्यांच्या पेट्रोलच्या नळीला इंजेक्टर लागला. टाळेबंदीच्या गदारोळात हा बदल कोणाच्या फारसा ध्यानातही आला नाही.

मिस्त्रीच्या बाकावर आता पेचकसाशेजारी स्कॅनर आला आहे. गाडीतील निदान-सॉकेटला तो जोडायचा, पडद्यावर उमटलेला दोषांक वाचायचा, मग वायर तपासायची. ज्याने तो विकत घेतला त्याचे गॅरेज चालू राहिले. ज्याला परवडला नाही तो पंक्चर आणि ऑइल बदलण्यापुरता उरला. मिश्रणाचा स्क्रू मात्र दोघांच्याही हातून गेला. तो आता पेटीच्या आत आकड्यांच्या तक्त्यात आहे आणि त्याची किल्ली कंपनीकडे.

एक कोपरा तेवढा सुटला. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून कठोर मानके लागू झाली आणि ते कॉमन रेलकडे वळले. त्याखालचे बहुतांश ट्रॅक्टर अजूनही यांत्रिक पंपावरच चालतात, आणि धानाच्या बांध्यांत चिखलणी करणारे ट्रॅक्टर बहुधा याच वर्गातले असतात. म्हणून अड्याळच्या एखाद्या अंगणात आज मोटारसायकल मिलिसेकंदांच्या हिशेबाने पेट्रोल घेत असेल, आणि तिच्या शेजारी उभा असलेला ट्रॅक्टर १९२७ च्या त्या तिरक्या खाचेने डिझेल मोजत असेल.