समग्र पापनिवेदन : तयारी कशी करावी, कोठे थांबावे

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला, की मुंबई, वसई आणि गोव्यातील चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगा लागतात. रांगेतील बहुतेकांचे निवेदन काही मिनिटांत आटोपते. मागील खेपेनंतर घडलेली पापे धर्मगुरूंना सांगायची, त्यांनी नेमून दिलेले प्रायश्चित्त स्वीकारायचे आणि क्षमा घेऊन बाहेर पडायचे, हा नेहमीचा क्रम. कॅथलिक परंपरेत याच संस्काराचा आणखी एक प्रकार आहे. त्यात श्रद्धावंत आपल्या संपूर्ण आयुष्याचा, किंवा त्यातील एखाद्या मोठ्या कालखंडाचा हिशेब एकाच वेळी मांडतो. त्यास ‘जनरल कन्फेशन’ अर्थात समग्र पापनिवेदन म्हणतात.

‘जनरल’ या शब्दामुळे अनेकदा गल्लत होते. मिस्साच्या प्रारंभी सर्व जण एकत्र म्हणतात ती क्षमायाचना म्हणजे समग्र पापनिवेदन नव्हे. मृत्यूचे संकट समोर असताना, वैयक्तिक निवेदनास वेळच नसल्यास समूहाला एकत्रितपणे क्षमा दिली जाते, तीही वेगळी. समग्र पापनिवेदन एका व्यक्तीने एका धर्मगुरूसमोरच करावयाचे असते.

बंधन किती, ऐच्छिक किती?

सज्ञान झालेल्या प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने घातला. गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगावीत, हे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1551 मध्ये स्पष्ट केले. 1983 च्या चर्च कायद्यातील 988 आणि 989 या कलमांत हीच तत्त्वे कायम आहेत. मात्र एकदा योग्य रीतीने सांगितलेल्या आणि क्षमा मिळालेल्या पापांचा पुनरुच्चार करण्याचे बंधन चर्चने कधीही घातलेले नाही.

म्हणूनच तयारीचा पहिला प्रश्न ‘काय सांगायचे’ हा नसून ‘याची गरज आहे का’ हा ठरतो. चर्चची पारंपरिक शिकवण येथे तीन वाटा दाखवते. एखाद्याने गंभीर पाप लाजेपोटी जाणूनबुजून लपविले असेल, तर ते निवेदन आणि त्यानंतर ते पाप झाकूनच केलेली निवेदनेही सदोष ठरतात. अशा व्यक्तीला त्या काळाचे समग्र निवेदन आवश्यक असते. विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा, संन्यस्त जीवनातील प्रवेश, दीर्घ आजार अशा वळणांवर ते आवश्यक नसले तरी उपयुक्त मानले जाते. मात्र ज्याचे मन एकाच शंकेभोवती फिरत राहते, त्याला ते अपायकारक ठरू शकते.

दोन संत, दोन अनुभव

पहिल्या वाटेचे उदाहरण फ्रान्समधील पिकार्डी प्रांतातले आहे. 1617 च्या जानेवारीत गान या खेड्यात एक शेतकरी मृत्युशय्येवर होता. सज्जन म्हणून त्याची ख्याती होती. व्हिन्सेंट डी पॉल यांनी त्याला समग्र पापनिवेदन करण्यास सुचविले, तेव्हा वर्षानुवर्षे लाजेने दडवलेली पापे त्याने सांगितली. त्यानंतर तो तीनच दिवस जगला. परंतु आपण कोणत्या ओझ्यातून सुटलो हे त्याने त्या इस्टेटीच्या मालकीणबाई मादाम द गोंदी यांच्यासमोर उघडपणे बोलून दाखविले. पुढे 25 जानेवारीस फोल्व्हिल येथील चर्चमध्ये व्हिन्सेंट यांनी याच विषयावर प्रवचन दिले. निवेदनासाठी इतकी गर्दी उसळली, की आमियां येथून येशूसंघीय धर्मगुरूंची मदत मागवावी लागली. 1625 मध्ये व्हिन्सेंट यांनी स्थापन केलेल्या मिशन संघाचे बीज या घटनेत होते.

दुसरे उदाहरण इग्नेशियस लोयोला यांचे. जखमी होऊन सैनिकी आयुष्याकडे पाठ फिरविलेले इग्नेशियस मार्च 1522 मध्ये स्पेनमधील माँटसेराट येथील मठात पोहोचले. तेथे त्यांनी लेखी स्वरूपात, तीन दिवस लागलेले समग्र पापनिवेदन केले. निवेदन काळजीपूर्वक झाले होते. तरीही जवळच्या मानरेसा गावी त्यांना शंकांनी ग्रासले. काही राहून गेले असेल, या भीतीने ते पुन:पुन्हा तीच पापे सांगत राहिले. अगदी स्पष्ट आठवेल तेवढेच सांगा, असे धर्मगुरूंनी बजावले, तर त्यांना सगळेच स्पष्ट आठवू लागले! जीव देण्याचे विचार मनात येण्यापर्यंत हा छळ गेला. अखेर जुनी पापे पुन्हा उकरायची नाहीत, असा निश्चय केला तेव्हाच ते मोकळे झाले.

विशेष म्हणजे, या अनुभवानंतरही इग्नेशियस यांनी समग्र निवेदन त्याज्य ठरविले नाही. 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळालेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी त्याला स्थान दिले. दरवर्षी निवेदन करणाऱ्यावर याचे बंधन नाही, हे त्यांनी आधी सांगून टाकले; मग पश्चात्ताप अधिक खोल होतो, पापांची ओळख अधिक नीट पटते आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची मनाची तयारी अधिक चांगली होते, असे तीन लाभ नमूद केले. हीच साधना इग्नेशियस यांच्या मार्गदर्शनाखाली केलेले फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. तेथील इस्पितळात मुक्काम ठेवून रुग्णांची पापनिवेदने ऐकणे, हे त्यांचे सुरुवातीचे एक प्रमुख काम होते.

तयारीचे टप्पे

समग्र निवेदनासाठी धर्मगुरूंची वेळ आधी मागून घ्यावी. शनिवार संध्याकाळच्या रांगेत उभे राहून ते करणे ना सांगणाऱ्याला सोयीचे, ना मागे थांबलेल्यांना. किती वर्षांचा आढावा घ्यायचा आणि त्याची गरज आहे का, हेही त्याच भेटीत ठरवावे. समोरासमोर बसणे अवघड वाटत असल्यास जाळीच्या आडून निवेदन करता येते.

त्यानंतर प्रार्थना आणि आत्मपरीक्षण. आयुष्याचे भाग पाडल्यास स्मरण सोपे जाते : बालपण, शिक्षण, नोकरी वा व्यवसाय, विवाह, अपत्ये, वृद्ध आईवडील. प्रत्येक भागाला दहा आज्ञांची कसोटी लावावी. केलेल्या कृत्यांबरोबर टाळलेली कर्तव्येही पाहावीत. टिपण काढण्यास हरकत नाही. मात्र ते कोणाच्या हाती पडणार नाही याची दक्षता घेऊन नंतर नष्ट करावे.

सांगताना गंभीर पापे आधी घ्यावीत. नेमकी संख्या आठवत नसेल, तर ‘दोन वर्षे, साधारण महिन्यातून एकदा’ असा अंदाज पुरतो. पापाचे स्वरूप बदलणारी परिस्थिती सांगावी. कहाणी सांगू नये. इतरांची नावे घेऊ नयेत आणि त्यांचे दोष मांडू नयेत.

यादीपेक्षा पश्चात्ताप मोठा आहे, आणि पश्चात्तापाबरोबर सुधारणेचा निश्चय येतो. कोणाचे पैसे बुडविले असतील, तर ते परत करावे लागतात. कोणाची बदनामी केली असेल, तर ती शक्य तितकी भरून काढावी लागते. क्षमेमुळे ही जबाबदारी संपत नाही. समग्र निवेदनात अनेकांना सर्वाधिक जड जाणारा भाग हाच असतो.

गुप्ततेची हमी

ऐकलेले काहीही धर्मगुरू कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत. चर्च कायद्याच्या 983 व्या कलमानुसार ही गुप्तता अभंग आहे. तिचा थेट भंग करणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. 2021 च्या सुधारणेनंतर ही तरतूद 1386 व्या कलमात आहे. सांगणाऱ्याच्या संमतीविना त्या माहितीच्या आधारे त्याच्याशी वेगळे वागण्यासही धर्मगुरूंना मनाई आहे.

आणि त्यानंतर

प्रामाणिक प्रयत्न करूनही एखादे पाप विसरले, तर त्याचीही क्षमा झालेली असते. ते गंभीर असल्यास पुढील निवेदनात एका वाक्यात सांगावे, एवढेच. सगळे पुन्हा पहिल्यापासून मांडण्याची गरज नसते. तशी ऊर्मी वारंवार येत असेल, तर एकाच धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा आणि तो पाळावा. भीती मनातून जातच नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेण्यातही कमीपणा नाही. गानच्या शेतकऱ्याला बोलण्याने मुक्ती दिली आणि इग्नेशियस यांना थांबण्याने. आपल्याला यांपैकी कशाची गरज आहे, हे ओळखता आले की निम्मी तयारी झाली.